फोन कोणाच्या अंगठ्याने उघडला याबाबतचा पुरवणी जबाब

विसरवाडी पोलीस ठाणे
दि. १५/११/२०२५, सकाळी ११.१०

नाव एस्तेर होळ्या गावित, वय २४ वर्षे, जमात मावची, धर्म ख्रिश्चन, शिक्षण बी.एस्सी. (संगणक), धंदा खाजगी नोकरी, राहणार खांडबाऱ्याजवळचा पाडा, ता. नवापूर, जि. नंदुरबार.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला आज कोणी बोलावलेले नाही. मी व माझी आई मंगळीबाई होळ्या गावित, वय अंदाजे ४८, अशा दोघी सकाळच्या जीपने आपण होऊन ठाण्यात आलो आहोत. गुरुवारी दि. १३ रोजी मी इथेच पोलीस हवालदार जालमसिंग वळवी यांच्यासमोर जबाब दिला होता. त्यात लिहिलेले सर्व खरे आहे. पण एक गोष्ट मी त्यात सांगितली नाही. ती मला विचारली गेली नव्हती. विचारली नाही म्हणून सांगितली नाही असे म्हणता येईल, परंतु तसे म्हणणे बरोबर होणार नाही. म्हणून हा पुरवणी जबाब देत आहे.

मी विसरवाडी येथील डोंगरवाट आरोग्य संस्थेत दोन वर्षांपासून संगणकाचे काम पाहते. संस्थेची दवाखान्याची एक होडी नर्मदेच्या धरणाच्या पाण्यातून मणिबेली व आसपासच्या पाड्यांना जाते. सोमवारी निघते, शुक्रवारी परत येते. होडीवर नर्स सलीमा मन्यार, रा. नंदुरबार, आणि होडी चालवणारे भिला तडवी असे दोघे असतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण, गरोदर बाया व लहान मुले यांच्या नोंदी सलीमाताई टॅबवर भरतात. नेटवर्क मिळाले की त्या नोंदी संस्थेच्या क्लाउडवर जातात. क्लाउड म्हणजे इंटरनेटवर भाड्याने घेतलेली जागा. संस्थेचे सगळे कपाट आता तिथे आहे असे समजावे. त्या कपाटातला कोणता कप्पा कोणी उघडायचा, हे ज्या खात्यावरून ठरते त्याला अॅडमिन खाते म्हणतात. त्या खात्यावरून कोणत्याही रुग्णाची नोंद पाहता येते. ते खाते माझ्या ताब्यात आहे. परवापर्यंत होते असे लिहावे.

पूर्वी या खात्याला फक्त पासवर्ड होता. तो कार्यालयातल्या कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानामागे पेनाने लिहिलेला होता आणि हे सर्वांना माहीत होते, चहावाल्यालासुद्धा. यावर्षी क्लाउडच्या कंपनीने कळवले की अॅडमिन खात्याला यापुढे दुहेरी खात्री लावावीच लागेल. मी ते पत्र मराठीत करून संस्थेचे सचिव राजेंद्र पाटील सर यांना दाखवले व जुलै महिन्यात ते काम केले. आता या खात्यात शिरायचे तर आधी खात्याचे नाव टाकायचे. मग समोर दोन आकडी संख्या येते. तीच संख्या एका ठरलेल्या फोनवर टाकायची आणि त्या फोनवर बोट ठेवायचे. म्हणजे फोन जवळ पाहिजे आणि बोट ओळखीचे पाहिजे. दोन्हीपैकी एक नसेल तर खाते उघडत नाही.

असे दोन फोन दोन वेगवेगळ्या माणसांकडे असावेत, असे कंपनीने लिहिलेले होते. दुसरा फोन सचिव साहेबांनी ठेवावा असे मी सुचवले. ते म्हणाले, "मन्हा फोन दिनभर नातूजवय ऱ्हास. तो खेळता खेळता कोनले बी व्हय म्हनी टाकी. तूच ठेव." म्हणून एकच फोन ठेवला. हे मी कोणावर ढकलण्यासाठी सांगत नाही. मी पुन्हा आग्रह धरायला हवा होता, तो धरला नाही.

हा फोन संस्थेने घेऊन दिलेला आहे. माझा स्वतःचा फोन वेगळा आहे. संस्थेच्या फोनचा नंबर होडीच्या दोन्ही बाजूंना लाल रंगाने रंगवलेला आहे, अडचणीत त्यावर फोन करायचा म्हणून. मी या फोनसाठी तीन पानी नियम लिहून ते कार्यालयात लावले. नियम क्रमांक ४ असा आहे : हा फोन फक्त एस्तेर गावित यांच्या बोटाने उघडेल.

दि. १२ रोजी, बुधवारी, मी नंदुरबार येथे प्रशिक्षणाला गेले होते. प्रशिक्षणाचा विषय माहितीची सुरक्षितता असा होता. तिथे सर्वांचे फोन दाराबाहेर एका ट्रेमध्ये ठेवावे लागतात, असे आधीच कळवले होते. दाराबाहेरच्या ट्रेमध्ये अॅडमिनचा फोन ठेवणे मला योग्य वाटले नाही. म्हणून तो मी घरी भिंतीवरच्या पिशवीत ठेवला. आईला सांगितले की वाजला तर उचल, मी नाही म्हणून सांग, बाकी कशाला हात लावू नकोस. सकाळच्या गाडीने गेले, संध्याकाळी साडेसातला घरी आले. फोन पिशवीत होता. चार्जिंग ६२ होते. मी तो उघडून पाहिला नाही. आईने मला जेवायला वाढले. ती नेहमीपेक्षा कमी बोलत होती, हे मला आता आठवते. त्यावेळी माझ्या लक्षात आले नाही.

दि. १३ रोजी सकाळी फोन पिशवीतच ठेवून मी कामावर आले, कारण दुपारी पुन्हा नंदुरबारला त्याच ट्रेच्या जागी कागद द्यायला जायचे होते. ९.४० वाजता मी नेहमीप्रमाणे खात्यातली ये-जा तपासली; ती यादी माझ्या रोजच्या साध्या खात्यावरून दिसते, त्यासाठी अॅडमिनमध्ये शिरावे लागत नाही. तिथे बुधवारी सकाळी ११.४२ वाजता अॅडमिन खाते उघडल्याची नोंद होती. यंत्र अनोळखी, ठिकाण गुजरात. एका गरोदर महिलेची नोंद उघडली होती. सात मिनिटांनी खाते बंद केले होते. दुसरे काहीही केलेले नव्हते. त्या महिलेचे नाव मी या जबाबात देत नाही. रुग्णाचे नाव बाहेर सांगू नये असा नियम आहे व तोही मीच लिहिलेला आहे. हवालदार साहेबांनी 'एक महिला' असे लिहायला संमती दिली आहे.

ठिकाण गुजरात असण्याबद्दल सांगते की, आमच्याकडे सीमेवर घरात बसूनही फोन गुजरातचे नेटवर्क पकडतो. त्यामुळे त्या एका शब्दावरून काही ठरवता येत नव्हते.

ही गोष्ट मी लगेच, पाच मिनिटांच्या आत, सचिव साहेबांना सांगितली. दिवाळीआधी एक बाहेरचा माणूस सिकलसेलच्या रुग्णांची यादी मागायला आला होता व त्याला नाही म्हटले होते. सचिव साहेबांना तोच आठवला. ते म्हणाले, "यादी गई वाटस." मग म्हणाले, "तुन्हा बोटशिवाय तो फोन खुलत नही म्हनस ना तू? कागद लायेल शे भितडावर. मंग खोला कोनी? भूतनी?" त्यांनी संशयावरून तक्रार दिली व चौकशी होईपर्यंत मी कामावर येऊ नये असे सांगितले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते असे मला वाटते.

त्यानंतर हवालदार साहेब माझ्यासोबत खांडबाऱ्याला आले. दोन पंचांसमोर फोन पिशवीतून काढला, बंद केला, पाकिटात घातला आणि लाख लावून सील केला. आई दारात उभी होती. परत ठाण्यात आल्यावर माझा जबाब झाला. हवालदार साहेबांनी विचारले, फोन कशाने उघडतो? मी सांगितले, बोटाने. त्यांनी विचारले, तुमच्या? मी हो म्हटले.

इथे जी गोष्ट राहिली ती अशी.

त्या फोनमध्ये दोन बोटे नोंदवलेली आहेत. एक माझे व एक आईचे.

आईचे बोट का नोंदवले ते सांगते. माझी आई शाळेत गेलेली नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. वडील हंगामात बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, सध्या तिकडेच आहेत. आई लहानपणापासून मजुरी करते. भात लावणे, मिरची तोडणे, दगड वेचणे. तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. रेशनच्या दुकानातले यंत्र तिचा अंगठा घेत नाही. साबणाने धुवून पाहिले, तेल लावून पाहिले, पदराने घासून पाहिले. दुकानदार रांगेतल्या लोकांसमोर म्हणतो, "माय, तू शेस का नही, ह्या मशीनले तेच समजत नही." लोक हसतात. आईही हसते. मग मी रजा घेऊन जाते आणि माझा अंगठा देते.

जुलै महिन्यात संस्थेचा नवा फोन घरी आणला तेव्हा मी माझे बोट नोंदवत होते. आई बाजूला बसून पाहत होती. तिने विचारले, हे रेशनच्या मशीनसारखेच आहे का? मी म्हटले, बघू, ठेव. पहिल्या सात-आठ वेळा नाही म्हणाले. नंतर घेतले. पडद्यावर हिरवी खूण आली. आईने विचारले, याचा अर्थ काय? मी सांगितले, ओळखले तुला. तिने फोन बंद केला व अंगठ्याने पुन्हा उघडला. असे पाच-सहा वेळा केले. मग शेजारच्या एका बाईला बोलावून तिलाही दाखवले.

ते बोट मी त्याच दिवशी काढून टाकायला हवे होते. दुसऱ्या दिवशी काढू असे ठरवले. यादीत माझ्या नावाखाली मी 'आई' असे लिहिले होते. त्यानंतर चार महिन्यांत ती यादी मी किमान तीन वेळा उघडली. काढण्यासाठी एकच बटण दाबायचे असते. नियम क्रमांक ४ मी त्यानंतर लिहिला आहे. म्हणजे लिहिताना तो खोटा आहे हे मला माहीत होते.

ऑगस्टमध्ये एकदा मी घरी आले तेव्हा आई त्या फोनशी खेळत होती. मी तिला रागावले. तिला काय बोलले ते इथे नोंदवण्याची गरज नाही असे मला वाटते. त्यानंतर ती त्या फोनला हात लावत नसे. पिशवीखालची भिंत सारवतानासुद्धा ती पिशवी सरकवत नसे, हे मी पाहिले आहे.

गुरुवारी जबाब देऊन मी संध्याकाळी घरी गेले आणि आईला विचारले. ती म्हणाली, बुधवारी फोन आला होता, होडीवरच्या बाईचा, आणि मी आकडा टाकला. मी विचारले, कोणता आकडा? ती म्हणाली, आधी चार, मग सात. आईला अक्षरे वाचता येत नाहीत. आकडे येतात, बाजारात चिंच व तूर विकून नोटांवरून आलेले आहेत. मी विचारले, मला बुधवारीच का नाही सांगितलेस? ती म्हणाली, तू रागावशील म्हणून.

मी रागावले. ती होडीवरची बाई नसून कोणीही असेल, आजकाल ओळखीच्या आवाजात बोलून लोक फसवतात, तुझ्यामुळे सगळ्यांचे आजार बाहेर गेले असतील, असे मी बोलले. आई ऐकत होती. मग म्हणाली, चल, पोलिसांना सांगू. मी म्हटले, तू यायचे नाही. ती म्हणाली, अंगठा माझा आहे.

शुक्रवारी होडी परत यायची होती. ती आली नाही. सलीमाताईंचा फोन लागत नव्हता. भिला यांचा कार्यालयात नोंदवलेला नंबरही लागत नव्हता. त्यामुळे मला काहीच कळेना. फोन सलीमाताईंचा असेल तर होडी का आली नाही? आणि त्यांचा नसेल तर त्या आहेत कुठे? त्यांचे स्वतःचे खाते असताना त्या अॅडमिनमध्ये का शिरतील? आईने पाहिलेला आवाज आणि मी पाहिलेली नोंद यांचा मेळ बसत नव्हता. आवाज पाहिला असे चुकून म्हटले, ऐकला असे लिहावे. शुक्रवारचा पूर्ण दिवस मी घरी बसून होते. माझे नाव संशयात होतेच. हे सांगितले तर आईचेही येणार, आणि न सांगितले तर माझ्यावरच राहणार, असे होते. माझ्यावर राहू द्यावे असे मी रात्रीपर्यंत ठरवले होते. पण मग नोंद अर्धीच राहिली असती, आणि यादी खरेच गेली असती तर ती कोणाकडे गेली हे कधी समजलेच नसते. शनिवारी सकाळी उठले तेव्हा आई बाजाराचे लुगडे नेसून तयार बसली होती.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी लिहून घेतला. मग त्यांनी दोन पंच बोलावून फोनचे सील उघडले. बंद फोन सुरू केल्यावर आधी आकडी कुलूप विचारतो, ते मी टाकले. त्यानंतर साहेबांनी आईला सांगितले, "माय, लाव बरं अंगठा, पाहू." आईने अंगठा पदराला पुसला व लावला. पहिल्यांदा नाही झाले. दुसऱ्यांदा फोन उघडला. पंचांपैकी एक जण म्हणाला, "आमना घरमा बी बायकोनाच अंगठा चालस, घरच तिनं शे." त्यावर सर्व हसले. मी हसले नाही.

फोनमधली कॉलची यादी पंचांसमोर पाहिली. दि. १२, सकाळी ११.३१, आलेला फोन, नाव नसलेला नंबर, बोलणे अठरा मिनिटे. त्या दिवशी दुसरा फोन नाही.

हवालदार साहेबांनी आईला विचारले, "माय, ती सलीमाच व्हती हाई तुले कसं समजनं? आवाज तर कोनी बी काढस."

हा प्रश्न मी आईला विचारला नव्हता. गुरुवारपासून मी तिला पुष्कळ बोलले, पण हे विचारले नव्हते.

आई मावचीत बोलली, ते मी मराठीत सांगत आहे. ती म्हणाली, "मी आधी तिला विचारलं. म्हटलं, सलीमा असशील तर सांग, माझ्या घरी तू काय जेवली होतीस? ती म्हणाली, नागलीची भाकर आणि उडदाची डाळ. मी म्हटलं, आणि कोंबडी? ती म्हणाली, कोंबडी तुम्ही कापलेली होती म्हणून मी खाल्ली नाही, आणि तुम्ही वाईट वाटून घेतलं नाहीत. मग मी आकडा टाकला. विचारल्याशिवाय कसा टाकेन?"

हे बरोबर आहे. सलीमाताई मागच्या नाताळात आमच्याकडे आल्या होत्या. त्या जेवणाला आई, वडील, सलीमाताई व मी असे चौघेच होतो. बाहेरच्या कोणाला हे माहीत असण्याचे कारण नाही. समोरच्या माणसाला फक्त त्यालाच माहीत असेल अशी गोष्ट विचारावी, असे बुधवारी नंदुरबारच्या प्रशिक्षणात सांगितले होते. सकाळी पावणेबारा वाजता सांगितले होते. मी ते वहीत लिहून घेतलेले आहे. वही माझ्याजवळ आहे, पाहिजे असल्यास जमा करते.

हवालदार साहेबांनी त्यांच्या स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला व आवाज मोठा केला. एका माणसाने उचलला. विसरवाडी पोलीस ठाण्यातून बोलतो असे साहेबांनी सांगताच तो म्हणाला, "साहेब, मी काहीच करेल नही. होडीनी काच पहिलेपाईनच फुटेल शे." तो भिला तडवी यांचा आवाज होता. त्यांच्याकडे गुजरातचे एक जास्तीचे सिमकार्ड आहे, नदीवर तेवढेच चालते, ही गोष्ट मला आजवर माहीत नव्हती. त्यांनी फोन सलीमाताईंना दिला.

सलीमाताई म्हणाल्या, "एस्तेर? अवो, कथी मरी गयथी तू? तीन दिनपाईन तो नंबर बंद शे!"

मी म्हटले, "तो पोलिसांकडे आहे, ताई."

"पोलिसकडे? कसाले?"

हवालदार साहेबांनी त्यांना झाले ते क्रमाने सांगायला लावले. त्यावरून असे समजले की, मंगळवारी किनाऱ्याला उतरताना सलीमाताईंची बॅग पाण्यात पडली. टॅब व त्यांचा स्वतःचा फोन दोन्ही गेले. त्यांच्या खात्यालाही मी दुहेरी खात्री लावलेली आहे व तिची खूण त्या बुडालेल्या फोनवर येते, म्हणून त्यांना त्यांचे स्वतःचे खाते उघडेना. बुधवारी मणिबेलीच्या वरच्या पाड्यातून एका गरोदर महिलेला झोळीतून आणले. सिकलसेलच्या कळा आणि बाळंतपणाच्या कळा एकदमच सुरू झाल्या होत्या. तिची कार्डावरची माहिती घरीच राहिली होती. सलीमाताईंनी दुखणे थांबवण्याचे इंजेक्शन भरले. पण या बाईला मागे कशाचा तरी त्रास झाला होता असे त्यांना अंधुक आठवत होते. कशाचा, ते आठवत नव्हते. पाठ असलेला एकच नंबर होता, तो होडीवर रंगवलेला. भिला यांनी होडी नेटवर्क मिळते त्या जागी नेली. अॅडमिन खात्याचे नाव सलीमाताईंना माहीत होते, ते मदतीच्या कागदावर छापलेले आहे. आईने आकडा टाकल्यावर भिला यांच्या फोनवर त्या महिलेची नोंद उघडली. जे औषध सुईत भरलेले होते, त्याच औषधाने तिला मागच्या वर्षी श्वास घ्यायला त्रास झाला होता, असे त्यात लिहिलेले होते. ती नोंद मागच्या वर्षी सलीमाताईंनीच भरलेली आहे.

सलीमाताई म्हणाल्या, "भरेल इंजेक्शन मी पानीमा टाकी दिनं." त्यानंतर त्यांनी त्या महिलेला होडीनेच गुजरातकडच्या दवाखान्यात नेले व तिच्याजवळ थांबल्या. म्हणून शुक्रवारी होडी आली नाही. संस्थेचा फोन गुरुवारपासून सीलबंद असल्यामुळे त्यांना कळवता आले नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "तुन्ही मायले सांग, पोर व्हयनी. दोन्ही चांगल्या शेतस. आनि सांग, आते मी कोंबडी बी खासू, पन ती मी कापाडी लई येसू."

आईला अहिराणी समजते. मला सांगावे लागले नाही. ती बाकावर बसली व डोक्यावरचा पदर नीट केला.

हवालदार साहेब मला म्हणाले, "म्हणजे कुलूप तोडले नाही. किल्ली चोरली नाही. तुमच्याच नर्सने मागितले, तुमच्याच आईने उघडले. यादी कुठे गेलेली नाही. मग मी यात लिहू काय?" मी सांगितले की जसे झाले तसे लिहावे. त्यांनी सचिव साहेबांना फोनवर कळवले. सचिव साहेब म्हणाले, लेखी येऊ द्या. मला कामावर परत घेणार किंवा कसे, हे त्यांनी सांगितले नाही व मी विचारले नाही.

यातला माझा दोष नोंदवून घ्यावा अशी माझी विनंती आहे. नियम क्रमांक ४ मी मोडला होता व गुरुवारच्या जबाबात ते लपवले. आईने कोणताही नियम मोडलेला नाही, कारण तो नियम तिला कोणी वाचून दाखवला नव्हता. कार्यालयात तो मराठीत लावलेला आहे.

मी तो नियम पाळला असता आणि जुलैमध्येच ते बोट काढले असते, तर बुधवारी काय झाले असते, याचा मी शुक्रवारी विचार केला नव्हता. आता करत आहे. मला अजून नीट समजत नाही. खाते सुरक्षित राहिले असते, एवढे लिहिता येईल. त्यापुढचे मला लिहिता येत नाही. आणि आईच्या जागी दुसरे कोणी असते, न विचारता आकडा टाकणारे, तर तेच बोट किती महाग पडले असते, हेही खरे आहे. दोन्ही खरे असेल तर नियम काय लिहावा, हे मला कोणी सांगितल्यास मी तसा लिहीन.

फोन परत मिळाल्यावर ते बोट यादीतून काढणार का, असे हवालदार साहेबांनी मला विचारले. मी आईकडे पाहिले. ती तिचा अंगठा पाहत होती. दुसऱ्या माणसाचे बोट यादीत ठेवायचे तर संस्थेची लेखी परवानगी लागते, तशी परवानगी मी सोमवारी मागणार आहे, असे मी उत्तर दिले.

हा जबाब मी सांगितला तसा हवालदार साहेबांनी लिहिला. त्यांनी वाचून दाखवल्यावर मी स्वतः दोनदा वाचला. एका जागी 'पाहिला' ऐवजी 'ऐकला' असे पाहिजे होते, ते खोडू नये, कारण खाडाखोड चालत नाही व दुरुस्ती पुढे सांगितलेली आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणला नाही. आईबद्दलचा भाग मी तिला मावचीत सांगितला. तिने ऐकून एकच दुरुस्ती सांगितली : भाकर नागलीची होती, पण पीठ तिने स्वतः जात्यावर दळले होते. तेही नोंदवले आहे.

सही : एस्तेर होळ्या गावित

आईने समक्ष ऐकल्याची खूण म्हणून तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा खाली घेतला आहे. शाई दोनदा लावली, दोन्ही वेळा रेषा उमटल्या नाहीत. तिसरा ठसा पुसट आहे. तो माझ्या आईचाच आहे, हे मी ओळखते.